सिलिकोसिस

सिलिकोसिस हा स्फटिकी सिलिकेचे अतिसूक्ष्म कण दीर्घकाळ श्वासावाटे शरीरात गेल्यामुळे होणारा फुफ्फुसांचा रोग आहे. खनिज धुळीमुळे होणाऱ्या आणि न्यूमोकोनिओसिस या सामायिक नावाने ओळखल्या जाणाऱ्या रोगांच्या गटात त्याचा समावेश होतो. या रोगात फुफ्फुसांमध्ये सतत दाह होत राहतो, त्यातून कठीण गाठी व व्रणऊती तयार होतात आणि फुफ्फुसांची प्रसरणक्षमता हळूहळू कमी होत जाते. खाणी, दगडखाणी, खडी क्रशर, ओतशाळा, काच व सिरॅमिक उद्योग, दगडकोरीव काम आणि बांधकाम या क्षेत्रांतील कामगारांना हा रोग प्रामुख्याने होतो.

सिलिकोसिस पूर्णपणे बरा करणारा उपचार उपलब्ध नाही. फुफ्फुसात अडकलेल्या कणांभोवतीचा दाह चालूच राहत असल्यामुळे धुळीचे काम सोडल्यानंतरही रोग वाढू शकतो. मात्र धुळीवर नियंत्रण ठेवल्यास तो पूर्णपणे टाळता येतो. या रोगाचा इतिहास, त्याची जैविक प्रक्रिया आणि त्यासंबंधीचे कायदे या तिन्हींच्या मुळाशी हीच विसंगती आहे.

नाव आणि इतिहास

‘सिलिकोसिस’ हे नाव गारगोटी किंवा चकमक या अर्थाच्या ‘सिलेक्स’ या लॅटिन शब्दावरून आले आहे. इटलीतील मिलान येथील आकिले व्हिस्कोंती यांनी १८७० मध्ये ते प्रथम वापरले. त्यापूर्वी १८६७ मध्ये जर्मन विकृतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिख आल्बर्ट फॉन त्सेंकर यांनी धूळजन्य फुफ्फुसरोगांसाठी न्यूमोकोनिओसिस ही संज्ञा रूढ केली होती.

रोगाची ओळख मात्र या नावांपेक्षा बरीच जुनी आहे. जॉर्जियस अ‍ॅग्रिकोला यांच्या १५५६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या खाणविद्येवरील ग्रंथात खाणीतील कोरड्या धुळीमुळे कामगारांना होणाऱ्या श्वसनविकारांचे वर्णन आहे. व्यावसायिक आरोग्यशास्त्राचे जनक मानले जाणारे बेर्नार्दिनो रामाझिनी यांनी १७०० मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात पाथरवटांच्या छातीच्या रोगांची नोंद घेतली.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस यांत्रिक ड्रिल वापरात आले. हातोडी आणि छिन्नीच्या तुलनेत त्यातून कितीतरी अधिक आणि अधिक बारीक धूळ उडू लागली व रोगाचे प्रमाण वाढले. १९३० मध्ये आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने दक्षिण आफ्रिकेतील जोहान्सबर्ग येथे सिलिकोसिसवर आंतरराष्ट्रीय परिषद भरवली. १९३४ मध्ये संघटनेच्या नुकसानभरपाईविषयक करारात सिलिकोसिसचा व्यावसायिक रोग म्हणून समावेश झाला.

याच सुमारास अमेरिकेतील वेस्ट व्हर्जिनिया राज्यात हॉक्स नेस्ट बोगद्याची दुर्घटना घडली. १९३० ते १९३१ या काळात जलविद्युत प्रकल्पासाठी हा बोगदा सिलिकाबहुल वालुकाश्मातून खोदण्यात आला. त्यासाठी कोरडे ड्रिलिंग करण्यात आले आणि धुळीपासून संरक्षणाची पुरेशी व्यवस्था नव्हती. काही महिन्यांच्या कामानंतरच कामगारांना तीव्र स्वरूपाचा सिलिकोसिस झाला व शेकडो कामगार मृत्युमुखी पडले. त्यांत स्थलांतरित कृष्णवर्णीय कामगारांची संख्या मोठी होती. अमेरिकेच्या इतिहासातील सर्वांत गंभीर औद्योगिक दुर्घटनांमध्ये तिची गणना होते.

कारणे

सिलिका म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. ती स्फटिकी आणि अस्फटिकी अशा दोन्ही रूपांत आढळते. सिलिकोसिस मुख्यतः स्फटिकी सिलिकेमुळे होतो. क्वार्ट्झ, क्रिस्टोबलाइट आणि ट्रिडिमाइट ही तिची प्रमुख रूपे आहेत. त्यांपैकी क्वार्ट्झ सर्वांत विपुल असून मराठीत त्याला गारगोटी म्हणतात. वालुकाश्म, क्वार्ट्झाइट, ग्रॅनाइट, पाटीचा दगड, अकीक आणि वाळू यांमध्ये ते निरनिराळ्या प्रमाणात असते. अखंड दगड किंवा वाळूचा ढीग स्वतः अपायकारक नसतो. दगड फोडणे, कापणे, घासणे, भोक पाडणे, दळणे किंवा चाळणे या क्रियांमुळे बारीक धूळ हवेत मिसळली की धोका निर्माण होतो.

कणांचा आकार महत्त्वाचा असतो. मोठे कण नाकात व श्वासनलिकांमध्ये अडकून कफावाटे बाहेर पडतात. साधारणतः ५ मायक्रोमीटरपेक्षा लहान कण मात्र फुफ्फुसांच्या टोकाशी असलेल्या वायुकोशांपर्यंत पोहोचतात. हे कण डोळ्यांना दिसत नाहीत आणि हवेत बराच काळ तरंगत राहतात. त्यामुळे धूळ खाली बसल्यासारखी वाटली, तरी हवा सुरक्षित असतेच असे नाही. नुकत्याच तुटलेल्या कणांच्या पृष्ठभागावर क्रियाशील मुक्त मूलके असतात, म्हणून ताजी धूळ जुन्या धुळीपेक्षा अधिक विषारी ठरते.

रोगाचा धोका धुळीतील स्फटिकी सिलिकेचे प्रमाण, हवेतील धुळीची संहती आणि संपर्काचा एकूण कालावधी यांवर अवलंबून असतो.

धोक्याचे व्यवसाय

खाणकाम, बोगदे खोदणे, दगडखाणी व खडी क्रशर, क्वार्ट्झ दळण्याचे कारखाने, वाळूचे साचे वापरणाऱ्या ओतशाळा, काच व चिनी मातीच्या वस्तूंची निर्मिती, मूर्ती व मंदिरांसाठीचे दगडकोरीव काम, अकीकाच्या मण्यांना पैलू पाडणे, पाटीवरच्या पेन्सिली बनवणे आणि वाळूच्या झोताने पृष्ठभाग घासणे हे या रोगाशी निगडित असलेले प्रमुख व्यवसाय आहेत.

एकविसाव्या शतकात या यादीत नव्या व्यवसायांची भर पडली. जीन्सच्या कापडाला जुनाट रूप देण्यासाठी त्यावर वाळूचा झोत मारणाऱ्या तुर्कस्तानातील तरुण कामगारांमध्ये गंभीर सिलिकोसिस आढळला. २००९ मध्ये तेथे या पद्धतीवर बंदी घालण्यात आली. स्वयंपाकघरातील ओट्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या कृत्रिम दगडात स्फटिकी सिलिकेचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक असू शकते. त्याच्या लाद्या कापणाऱ्या व घासणाऱ्या कामगारांमध्ये अनेक देशांत वेगाने वाढणारा सिलिकोसिस दिसून आला. १ जुलै २०२४ पासून ऑस्ट्रेलियाने अशा दगडाचे उत्पादन, पुरवठा आणि वापर यांवर बंदी घातली.

दाहाची भूमिका

सिलिकेचे कण फुफ्फुसाला केवळ यांत्रिक इजा करतात, असा समज पूर्वी होता. प्रत्यक्षात बहुतांश हानी शरीराच्या स्वतःच्या संरक्षण यंत्रणेमुळे होते. दाह ही शरीराची उपयुक्त प्रतिक्रिया आहे. जंतू किंवा परकी वस्तू शरीरात शिरली की दाह होतो, ती नष्ट झाली की शमतो आणि ऊती पूर्ववत होते. सिलिकेचा कण मात्र विरघळत नाही आणि पचतही नाही. त्यामुळे दाह शमण्याची अवस्था येत नाही.

वायुकोशांच्या पृष्ठभागावर भक्षक पेशी असतात. श्वासावाटे आलेली धूळ आणि जंतू गिळून वायुकोश स्वच्छ ठेवणे हे त्यांचे काम असते. सिलिकेचा कण समोर आला की या पेशी आपल्या पृष्ठभागावरील ग्राहकांच्या साहाय्याने त्याला चिकटतात आणि गिळतात. कण पेशीच्या आत पाचक विकरांनी भरलेल्या लायसोसोम या पिशवीत जातो. तेथे पचण्याऐवजी तो पिशवीच्या आवरणालाच इजा करतो. आवरण फाटल्यावर कॅथेप्सिन बी आणि इतर विकर पेशीद्रवात सांडतात.

ही गळती पेशीला धोक्याचा इशारा ठरते. त्यामुळे एनएलआरपी३ इन्फ्लॅमझोम नावाचा प्रथिनसमूह कार्यान्वित होतो. तो कॅस्पेज-१ या विकराला चालना देतो आणि या विकरामुळे इंटरल्युकिन-१ बीटा व इंटरल्युकिन-१८ हे दाह वाढवणारे संदेशवाहक पदार्थ सक्रिय होऊन पेशीबाहेर पडतात. सिलिकेमुळे होणाऱ्या दाहातील या प्रथिनसमूहाची भूमिका २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनांतून स्पष्ट झाली. इजा झालेल्या भक्षक पेशी ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर हा पदार्थही सोडतात. उंदरांवरील प्रयोगांत या पदार्थाला प्रतिपिंडांनी निष्प्रभ केल्यावर सिलिकेमुळे होणारी तंतुमयता रोखली गेल्याचे १९९० मध्ये दाखवण्यात आले. यावरून या रोगात दाह हे केवळ लक्षण नसून रोग पुढे नेणारे कारण आहे हे सिद्ध होण्यास मदत झाली.

या संदेशांमुळे रक्तातून आणखी दाहक पेशी फुफ्फुसात येतात. त्यांच्यापासून निर्माण होणारे क्रियाशील ऑक्सिजन घटक आसपासच्या निरोगी पेशींनाही इजा करतात. दरम्यान कण गिळलेली भक्षक पेशी मरते आणि कण जसाच्या तसा बाहेर पडतो. दुसरी पेशी त्याला गिळते आणि तीही मरते. गिळणे, मरणे आणि पुन्हा गिळणे हे चक्र वर्षानुवर्षे चालते. धुळीचा संपर्क थांबल्यावरही रोग का वाढतो, याचे स्पष्टीकरण या चक्रात मिळते.

दीर्घकालीन दाहाबरोबर दुरुस्तीची प्रक्रियाही सुरू राहते. ट्रान्सफॉर्मिंग ग्रोथ फॅक्टर बीटा आणि इतर वाढकारकांच्या प्रभावाने तंतुजनक पेशींची संख्या वाढते व त्या कोलॅजन हे प्रथिन साठवू लागतात. कणांभोवती कोलॅजनचे थर कांद्याच्या पापुद्र्यांप्रमाणे रचले जाऊन सिलिकोसिसची वैशिष्ट्यपूर्ण गाठ तयार होते. अशा गाठी प्रामुख्याने फुफ्फुसांच्या वरच्या भागात आढळतात. काही भक्षक पेशी कण घेऊन छातीतील लसिका गाठींपर्यंत जातात, म्हणून त्या गाठीही सुजतात व कठीण होतात.

प्रकार

जुनाट सिलिकोसिस हा सर्वाधिक आढळणारा प्रकार आहे. तुलनेने कमी धुळीच्या १० किंवा अधिक वर्षांच्या संपर्कानंतर तो दिसून येतो. गाठी १ सेंटिमीटरपेक्षा लहान असल्यास त्याला साधा सिलिकोसिस म्हणतात. गाठी एकत्र येऊन त्याहून मोठे कठीण पुंज तयार झाल्यास त्या अवस्थेला वर्धिष्णू व्यापक तंतुमयता म्हणतात आणि तीत श्वसनक्षमता मोठ्या प्रमाणात घटते.

त्वरित सिलिकोसिस अधिक धुळीच्या साधारण ५ ते १० वर्षांच्या संपर्कानंतर होतो. त्याचे स्वरूप जुनाट प्रकारासारखेच असते, मात्र वाढ वेगाने होते.

तीव्र सिलिकोसिस अत्यंत दाट धुळीमुळे काही आठवड्यांपासून ५ वर्षांच्या आत उद्भवतो. यात वायुकोश मेद व प्रथिनयुक्त द्रवाने भरतात. रुग्णाला ताप, वजनात घट आणि झपाट्याने वाढणारी धाप जाणवते. हा प्रकार बहुधा प्राणघातक ठरतो.

लक्षणे आणि निदान

सुरुवातीच्या काळात, कित्येकदा अनेक वर्षे, कोणतेही लक्षण दिसत नाही. पुढे श्रम केल्यावर धाप लागणे, कोरडा किंवा कफयुक्त खोकला, थकवा, छातीत जडपणा आणि वजन कमी होणे ही लक्षणे दिसू लागतात. रोग वाढल्यावर बसल्या जागीही धाप लागते, ओठ व नखे निळसर होतात आणि फुफ्फुसातील वाढलेल्या रक्तदाबामुळे हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो.

निदान तीन बाबींवर आधारलेले असते: सिलिकेच्या धुळीशी आलेल्या संपर्काचा इतिहास, छातीच्या क्ष-किरण चित्रातील किंवा सीटी स्कॅनमधील सुसंगत बदल आणि तशीच चित्रे निर्माण करणारे इतर रोग नसल्याची खात्री. क्ष-किरण चित्रांच्या वाचनासाठी आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेची प्रमाणित वर्गीकरण पद्धत वापरली जाते. लसिका गाठींच्या कडेला अंड्याच्या कवचासारखा कॅल्शियमचा पातळ थर दिसणे ही सिलिकोसिसची सूचक खूण मानली जाते. श्वसनक्षमता मोजण्यासाठी स्पायरोमेट्री केली जाते. ऊतीचा तुकडा काढून तपासण्याची गरज क्वचितच पडते.

या तीन बाबींपैकी पहिली बहुधा दुर्लक्षित राहते. खोकला, वजनातील घट आणि फुफ्फुसांच्या वरच्या भागातील डाग ही चिन्हे क्षयरोगातही असतात. रुग्णाला त्याचे काम विचारले गेले नाही, तर सिलिकोसिसला क्षयरोग समजून वारंवार क्षयाचे उपचार दिले जाण्याची शक्यता असते.

गुंतागुंत

क्षयरोग ही सिलिकोसिसची सर्वांत महत्त्वाची गुंतागुंत आहे. क्षयाच्या जीवाणूंना रोखून धरण्याचे काम ज्या भक्षक पेशी करतात, त्याच पेशी सिलिकेमुळे निकामी होतात. त्यामुळे सिलिकोसिसच्या रुग्णांना क्षय होण्याचा धोका इतरांपेक्षा सुमारे तिप्पट किंवा त्याहून अधिक असतो. सिलिकोसिस झालेला नसतानाही सिलिकेच्या दीर्घ संपर्काने हा धोका वाढतो. दोन्ही रोग एकत्र असल्यास त्या स्थितीला सिलिको-ट्यूबरक्युलोसिस म्हणतात.

आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९७ मध्ये व्यवसायातून श्वसनमार्गे शरीरात जाणाऱ्या क्वार्ट्झ व क्रिस्टोबलाइट रूपातील सिलिकेला मानवी कर्करोगकारकांच्या पहिल्या गटात स्थान दिले. फुफ्फुसाचा कर्करोग, दीर्घकालीन श्वसनमार्ग अवरोध, मूत्रपिंडाचे विकार तसेच त्वचाकाठिण्य आणि आमवाताभ संधिशोथ यांसारखे स्वप्रतिकार रोग यांचाही सिलिकेशी संबंध आहे. स्वप्रतिकार रोगांशी असलेला हा संबंध सिलिकेमुळे प्रतिकारयंत्रणा सतत उद्दीपित राहते याचे द्योतक मानला जातो.

उपचार

उपचारांचा उद्देश रोगाची वाढ मंदावणे आणि त्रास कमी करणे हा असतो. पहिली पायरी म्हणजे धुळीचा संपर्क तत्काळ थांबवणे. श्वासनलिका रुंदावणारी औषधे, गरजेनुसार ऑक्सिजन, श्वसनाचे व्यायाम, धूम्रपान सोडणे, फ्लू व न्यूमोनियाच्या लसी, क्षयाची नियमित तपासणी आणि आवश्यकतेनुसार प्रतिबंधक औषधे यांचा उपचारांत समावेश होतो. अत्यंत गंभीर अवस्थेत निवडक रुग्णांसाठी फुफ्फुस प्रत्यारोपण हा पर्याय असतो.

दाहाचे चक्र तोडणारे औषध शोधण्याचे प्रयत्न दीर्घकाळ चालू आहेत. सिलिकेच्या कणांचा पृष्ठभाग निष्क्रिय होईल या अपेक्षेने कॅनडातील ऑन्टारियो प्रांतात १९४३ ते १९७९ या काळात खाण कामगारांना अ‍ॅल्युमिनियमची पूड हुंगवली जात असे. तिचा सिलिकोसिसवर उपयोग सिद्ध झाला नाही आणि पुढे तिच्या दुष्परिणामांचा प्रश्न उभा राहिला. फुफ्फुसे सलाइनने धुण्याची प्रक्रिया तसेच दाहशामक व तंतुमयतारोधक औषधे यांचा अभ्यास झाला आहे. तथापि तयार झालेली व्रणऊती पूर्ववत करणारे औषध सापडलेले नाही.

प्रतिबंध

प्रतिबंधाच्या उपायांचा एक ठरलेला क्रम आहे. प्रथम सिलिकेऐवजी कमी घातक पदार्थ वापरणे, त्यानंतर धूळ उगमापाशीच रोखणे आणि शेवटी कामगाराला श्वसनरक्षक साधन देणे. ब्रिटनमध्ये वाळूच्या झोताने ओतीव वस्तू घासण्यावर १९५० पासून बंदी आहे. वाळूऐवजी पोलादी कण व इतर पर्याय वापरता येतात. ड्रिलिंग व कटाई करताना पाण्याचा फवारा मारणे, यंत्रांना बंदिस्त आवरण घालणे, धूळ शोषून घेणारी यंत्रणा बसवणे आणि कोरड्या झाडूऐवजी ओल्या पद्धतीने सफाई करणे हे परिणामकारक उपाय आहेत. तोंडाला बांधलेला रुमाल, पदर किंवा साधी कापडी पट्टी श्वसनीय कण अडवू शकत नाही. त्यासाठी चेहऱ्यावर घट्ट बसणारे, प्रमाणित गाळणी असलेले साधन लागते.

अमेरिकेने २०१६ मध्ये कामाच्या ठिकाणी श्वसनीय स्फटिकी सिलिकेची मर्यादा ८ तासांच्या सरासरीने प्रति घनमीटर ५० मायक्रोग्रॅम इतकी खाली आणली. भारताच्या कारखाने अधिनियम, १९४८ मधील सूत्रानुसार धुळीत क्वार्ट्झचे प्रमाण जितके अधिक तितकी मर्यादा कडक होत असे. शुद्ध क्वार्ट्झच्या श्वसनीय धुळीसाठी ती प्रति घनमीटर सुमारे १०० मायक्रोग्रॅम येत असे. आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी १९९५ मध्ये संयुक्त कार्यक्रम हाती घेऊन २०३० पर्यंत सिलिकोसिसच्या जागतिक निर्मूलनाचे उद्दिष्ट ठेवले.

भारतातील स्थिती

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या १९९९ च्या अहवालानुसार देशातील सुमारे ३० लाख कामगार सिलिकेच्या संपर्काच्या मोठ्या धोक्यात होते. बांधकाम क्षेत्रातील कामगार त्याशिवाय होते. कोलार येथील सोन्याच्या खाणी, मध्य प्रदेशातील मंदसौरचा पाटीपेन्सिल उद्योग, गुजरातमधील खंभात येथील अकीक व्यवसाय आणि राजस्थानातील वालुकाश्माच्या खाणी ही या रोगाच्या संदर्भात अभ्यासली गेलेली प्रमुख ठिकाणे आहेत. अहमदाबाद येथील राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेने यांपैकी अनेक उद्योगांचे सर्वेक्षण केले आहे.

मध्य प्रदेशातील झाबुआ, अलीराजपूर आणि धार या जिल्ह्यांतील आदिवासी मजूर गुजरातमधील गोध्रा परिसरातील क्वार्ट्झ दळण्याच्या कारखान्यांत कामाला जात. तेथील धुळीमुळे अनेकांना अल्पावधीतच सिलिकोसिस होऊन मृत्यू आला. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने २०१० मध्ये २३८ मृत कामगारांच्या वारसांना प्रत्येकी ३ लाख रुपये देण्याची शिफारस केली. सर्वोच्च न्यायालयाने ४ मे २०१६ रोजी गुजरात शासनाला ही रक्कम देण्याचा आदेश दिला. कामाचे ठिकाण एका राज्यात आणि मृत्यू दुसऱ्या राज्यात, अशा स्थितीत जबाबदारी निश्चित करण्यातील अडचणी या प्रकरणातून समोर आल्या.

कायद्याने सिलिकोसिस हा अधिसूचित व्यावसायिक रोग आहे. कारखाने अधिनियमानुसार असा रुग्ण आढळल्यास डॉक्टराने कारखाना निरीक्षणालयाला कळवणे बंधनकारक ठरवण्यात आले. खाण अधिनियम, १९५२, कर्मचारी नुकसानभरपाई अधिनियम, १९२३ आणि कर्मचारी राज्य विमा अधिनियम, १९४८ यांमध्येही धूळजन्य फुफ्फुसरोगांविषयी तरतुदी होत्या. संसदेने २०२० मध्ये संमत केलेल्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेतील अधिसूचित रोगांच्या यादीतही सिलिकोसिसचा समावेश आहे.

या तरतुदींचा लाभ मिळण्यासाठी कामगाराला नोकरीचा पुरावा द्यावा लागतो. खडी क्रशर, दगडकोरीव काम आणि बांधकाम या क्षेत्रांत रोजंदारी, कंत्राटी व स्थलांतरित मजुरांची संख्या मोठी असते. त्यांच्याकडे नेमणूकपत्र किंवा हजेरीची नोंद सहसा नसते. लक्षणे दिसेपर्यंत काम सुटलेले असते आणि काही वेळा कारखानाही बंद झालेला असतो. राजस्थान शासनाने २०१९ मध्ये जाहीर केलेल्या धोरणात मालकाविरुद्धच्या दाव्याऐवजी वैद्यकीय प्रमाणपत्र हा मदतीचा आधार मानला. त्यानुसार रोग प्रमाणित झाल्यावर रुग्णाला ३ लाख रुपये आणि मृत्यूनंतर कुटुंबाला २ लाख रुपये देण्याची तरतूद करण्यात आली.

महाराष्ट्राचा बराचसा भूभाग बेसाल्ट खडकाचा आहे. बेसाल्टमध्ये क्वार्ट्झचे प्रमाण वालुकाश्म किंवा ग्रॅनाइटच्या तुलनेत बरेच कमी असते. तथापि कोल्हापूर परिसरातील ओतशाळांमध्ये वाळूचे साचे वापरले जातात आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यातील कासार्डे परिसरात सिलिका वाळूचे उत्खनन होते. साचे फोडणे, ओतीव वस्तू घासणे आणि वाळू सुकवणे व चाळणे ही सिलिकेची धूळ उडवणारी कामे असल्याने तेथे धूळ नियंत्रण व नियमित आरोग्य तपासणी यांना विशेष महत्त्व आहे.